आतून कडी

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की दादाचा, गावाकडच्या माझ्या थोरल्या भावाचा, फोन येतो. कशी आहेस, काय चाललंय, असलं काही तो आधी विचारत नाही. पहिलंच वाक्य असतं, "सुने, कापूस घरात आला." मी नवीन जालन्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी असते. खाली ऑटोवाले स्टेशनच्या दिशेनं ओरडत असतात, समोरच्या इमारतीवर बियाण्यांच्या पाट्या असतात, आणि त्या सगळ्या गलक्यात माझ्या नाकात सरकीचा वास येतो. थोडा तेलकट, थोडा मातीचा, दिवसभर उन्हात टाकलेल्या गोधडीसारखा. भोकरदनपासून तासाभराच्या वाटेवरचं आमचं गाव आधी माझ्या नाकाला आठवतं, मग डोळ्यांना.

यंदा दादाचा फोन आला तेव्हा माझ्या पाठीमागं समृद्धीच्या खोलीचं दार बंद होतं. समृद्धी माझी मुलगी, यंदा बारावीला आहे. कॉलेजातून आली की जेवते, ताट उचलून ठेवते आणि आत जाऊन दार लावून घेते. आतून अभ्यासाचा आवाज येत नाही, गाण्याचा येत नाही, कधी कधी हसल्याचा येतो. मी त्या दारावरून दिवसात दहा वेळा जाते. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक बाई आहेत. त्या अभिमानानं सांगतात, "मी तर रोज पोरीचा फोन चेक करते, बिलकुल सोडत नाही." त्या असं म्हणाल्या की मला वाटतं, आपणच निष्काळजी आहोत का? आणि मग मला आमच्या गावच्या घरातलं एक कापसाचं वर्ष आठवतं. तेव्हा मी दहावीला होते.

आमचं घर पत्र्याचं. दोन खोल्या, पुढं ओसरी, बाजूला गोठा. बाराही महिने माणसांना दोन खोल्या पुरायच्या, पण कापूस सुरू झाला की आतली खोली माणसांची राहायची नाही. वेचणीच्या बाया संध्याकाळी गाठोडी आणून टाकायच्या आणि आम्ही पोरं आत शिरून कापूस तुडवायचो. पहिल्या दिवशी पायाखाली फरशी लागायची, आठवड्यात गुडघाभर, आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत ढीग खिडकीच्या वर. वर चढून बसलं तर पत्रा डोक्याला लागायचा. बाहेर थंडी पडलेली असायची आणि आत मात्र कापसाची ऊब. अंगाला खाज सुटायची, नाकात तंतू जायचे, शिंकून शिंकून डोळे लाल व्हायचे, तरी आम्हाला तिथून कुणी हाकलल्याशिवाय आम्ही निघायचो नाही. त्या खोलीत दिवा न्यायची, काडी ओढायची सक्त मनाई होती. खिडकीही कापसानं झाकलेली. दार थोडं उघडं ठेवलं की तेवढीच एक उजेडाची पट्टी आत यायची आणि तिच्यात कापसाचे तंतू उडताना दिसायचे.

त्या वर्षी वैशाखात दादाचं लग्न झालं होतं आणि पहिली दिवाळी माहेरी करून अर्चना वहिनी परत आल्या होत्या. जाफराबादकडच्या. वडील शाळामास्तर, त्यामुळं बारावीपर्यंत शिकलेल्या. माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या, पण रीतीप्रमाणं त्या मला 'ताई' म्हणायच्या आणि मी त्यांना 'वहिनी'. माय म्हणजे माझी आई, अण्णा म्हणजे वडील, दादा, मी आणि आता वहिनी, असे पाच जण, आणि कापसाच्या दिवसांत खोली एक. वहिनी आल्या आणि आठवड्यात आतली खोली कापसानं घेतली.

आता विचार करते तेव्हा कळतं की त्या मुलीला दिवसभरात एकटं असं केव्हाच राहता येत नसेल. चुलीपुढं माय, ओसरीवर अण्णा आणि त्यांच्याकडं येणारे-जाणारे, हापशावर गावातल्या बाया, शेतात वेचणीच्या बाया. उरलेल्या वेळात मी. मला नवी वहिनी म्हणजे नवं खेळणं होतं. त्यांच्या पेटीत काय आहे, त्यांच्या बांगड्या किती, त्या वेणी कशी घालतात, सगळं मला बघायचं असायचं. माय तर मायेनंच त्यांच्या मागं मागं असायची. नवी पोर आहे, तिला एकटं वाटू नये, म्हणून. "कुठं निघाली? थांब, मी पण येते," हे तिचं वाक्य. वहिनी कशालाच नाही म्हणायच्या नाहीत. त्यांचं एकच उत्तर, "हो." माय बायांना सांगायची, "सून लई गरीब मिळाली. शब्दाला शब्द न्हाई."

मार्गशीर्षातली गोष्ट असेल. संध्याकाळी वेचणीच्या चार-पाच बाया गाठोडी टाकून ओसरीवर टेकल्या होत्या. माय त्यांना चहा देत होती. वहिनी हापशावर पाण्याला गेल्त्या. मी आत कापूस तुडवत होते आणि भिंतीकडेच्या कोपऱ्यात माझ्या पायाला काहीतरी कडक लागलं. हात घालून काढलं तर वही. शंभर पानी, साधी, निळ्या पुठ्ठ्याची. वर नाव नाही. दारातल्या उजेडात पहिलं पान उघडलं आणि अक्षर ओळखलं.

मी दहावीला होते, शाळेत मला सगळे धडे मोठ्यानं वाचायला लावायचे, आणि लोकांना हसवायला मला फार आवडायचं. एवढंच कारण. दुष्टपणा नव्हता, पण नव्हता म्हणून काही बिघडायचं राहिलं नाही. मी वही घेऊन ओसरीवर आले आणि म्हणाले, "ऐका, वहिनीनं काय लिहिलंय!"

त्या वहीत वहिनी दिवसभरातली उत्तरं लिहायच्या. जी दिली ती, आणि जी द्यायची होती ती. मी आवाज बदलून वाचायला लागले.

"माय म्हणाल्या, भाकरी जाड झाली. मी म्हटलं, हो. म्हणायचं होतं, जाड आहे म्हणून तर दोन कमी थापाव्या लागल्या."

बाया खो खो हसल्या. माय पण हसली. मला चेव चढला.

"मामंजी म्हणाले, टीव्हीचा आवाज कमी कर. मी म्हटलं, हो. म्हणायचं होतं, टीव्ही तुम्हीच लावलाय, मी तर भांडी घासतेय."

पुन्हा हशा. एकीनं तर मांडीवर हात मारला. "पारूबाई, तुझी सून गरीब न्हाई वं, लई तिखट हाये!" मी पान उलटलं.

"ताई म्हणाल्या, वहिनी, तुमचे डोळे असे का सुजले? मी म्हटलं, कापसानं. म्हणायचं होतं," आणि पुढं काहीच लिहिलेलं नव्हतं. ओळ तशीच सोडलेली. मला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणून मी पुढं गेले. त्या रिकाम्या ओळीपाशी मी थांबायला हवं होतं, हे कळायला मला कितीतरी वर्षं लागली.

पुढच्या पानावर प्रश्न-उत्तर नव्हतं. मी त्याच आवाजात वाचत गेले, "माय चुलीपुढून उठताना भिंत धरतात. आधी दाराकडं बघतात, कुणी बघत नाही ना म्हणून. मग उठतात. गुडघे फार दुखत असतील. मी बघते, पण बघत नाही असं दाखवते. त्यांना कुणाला कळू द्यायचं नसेल तर मी कशाला कळल्याचं दाखवू?"

हसणं एकदम थांबलं. मायच्या हातात चहाची किटली होती. तिच्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, "काय वं पारूबाई, गुडघे धरले का? बोलली न्हाईस कधी."

"न्हाई वं," माय म्हणाली. "पोरींचं काय ऐकता."

तिनं किटली खाली ठेवली. आणि तेव्हा माझं लक्ष अंगणाकडं गेलं. वहिनी कमरेवर घागर घेऊन उभ्या होत्या. किती वेळच्या उभ्या होत्या कोण जाणे. घागरीतलं पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडलं होतं आणि त्यांना ते कळलेलं दिसत नव्हतं.

माय उठली. सगळ्यांसमोर, भिंतीला हात न लावता उठली. माझ्या हातातून वही घेतली, मिटली, पदरानं पुठ्ठ्यावरचा कापूस झटकला आणि अंगणात जाऊन वहिनींच्या हातात दिली. म्हणाली, "घे. हिच्या हाती लागंल अशा जागी ठिवू नको." मला ती रागावली नाही. मारलं असतं तर बरं, असं मला वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी चूल पेटवायला त्या वहीची पानं फाडून घेतली. एकेक पान चुरगाळून, शांतपणे. मी बघत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही आणि पानं लपवलीही नाहीत. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मला आजही नकोसे वाटतात. वहिनी सगळं काम करायच्या, हाक मारली की यायच्या, 'हो' म्हणायच्या. पण आधीच्या 'हो'च्या मागं कुणीतरी आहे असं वाटायचं. आता वाटेना. मायला ते माझ्याआधी कळलं. एक दिवस जेवताना तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि मुद्दाम म्हणाली, "भाकरी जाड झाली आज."

"हो," वहिनी म्हणाल्या.

माय थांबली. वाट बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, मंग बोल की काईतरी!"

"काय बोलू?" वहिनींनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं काय बोलायचं. माय जेवत राहिली. नंतर भांडी घेताना मला म्हणाली, "विझल्यावानी झाली पोरगी. आपल्या घरात येऊन विझली."

मी वहिनींची माफी मागायला गेले ती दोन-तीन दिवसांनी, गोठ्यात. त्या शेण भरत होत्या. मी म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. त्या बाया हसल्या..."

"हसल्या त्याचं काई न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "पण मी जे मायला बोलले न्हाई, ते आता बोलल्यासारखं झालं. मी बोलायचं न्हाई असं ठरवून लिवलं होतं ना. ते ठरवणंच गेलं." मग म्हणाल्या, "आणि मायच्या गुडघ्याचं सगळ्या गावाला कळलं. ते माझ्यामुळं."

मी शिक्षिका आहे. मुलांना निबंधाला विषय देते, पुस्तकं वाचते, भाषणं ऐकते. माणसाला स्वतःपुरती जागा का लागते यावर मी बरंच काही ऐकलं आहे. पण गोठ्यात शेणानं भरलेल्या हातांनी वहिनी जे बोलल्या, त्याहून नेमकं मी कुठं ऐकलेलं नाही. मनात आलेलं सगळं बोलायचं नसतं, हे आपण मुलांना शिकवतो. मग ते न बोललेलं ठेवायचं कुठं? ते ठेवायला जागा मिळाली तर माणूस दिवसभर चार जणांत गोड राहू शकतो. ती जागा काढून घेतली की एक तर तो भांडतो, नाही तर विझतो.

आमच्याकडं या गोष्टीला शब्दही नव्हता. 'खाजगी' म्हणजे भोकरदनचा खाजगी डॉक्टर आणि गावावरून जाणारी खाजगी जीप. 'एकांत' हा शब्द कीर्तनात यायचा आणि तो साधूंसाठी असायचा, सुनांसाठी नाही. दार लावून बसलेली बाई म्हणजे एक तर आजारी, नाही तर रुसलेली. तिसरं कारण कुणाला माहीत नव्हतं. मायलाही शब्द माहीत नव्हता. ती शाळेत दोनच वर्षं गेल्ती.

पण पुढच्या आठवडी बाजाराला ती भोकरदनला गेली आणि येताना मिरची-मिठाबरोबर एक लोखंडी कडी घेऊन आली. बोटभर जाडीची, कोयंड्यासकट. आमच्या कापसाच्या खोलीला कडी होती, पण बाहेरून. आत माल, बाहेर माणूस, अशीच ती खोली बांधलेली. मायनं सुतारकाकांना बोलावलं आणि दाराच्या आतल्या बाजूला नवी कडी ठोकायला लावली.

अण्णा ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "आतून कशाला कडी? कापूस काय दार उघडून पळून चालला?"

"कापसासाठी न्हाई," माय म्हणाली.

"मंग?"

"असू द्या. तुमी पान खा."

सुतारकाका खिळे मारत हसले. अण्णांनी खरंच पान काढलं. आमच्या घरातले मोठे निर्णय असेच व्हायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारची भांडी झाल्यावर माय वहिनींना म्हणाली, ती ओसरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "अर्चना, कापसात डागी बोंडं लई आली ह्या टायमाला. रोज दुपारी घंटाभर बसून निवडत जा. दार लावून घे, वाऱ्यानं कापूस उडतो." आणि मग माझ्याकडं वळून, "आणि तू तिकडं फिरकायचं न्हाई."

वहिनींनी तिच्याकडं बघितलं. बंद खोलीत अंधार असतो, अंधारात डागी कापूस कुणाला निवडता येतो? हे तिथं बसलेल्या सगळ्यांना कळत होतं, अण्णांनाही. वहिनी "हो" म्हणाल्या आणि आत गेल्या. कडी सरकल्याचा आवाज आला. नवी होती, जोर लावावा लागला असणार.

मग रोजचंच झालं. दुपारी तासभर वहिनी 'निवडायला' जायच्या. कुणी आलं आणि विचारलं, सून कुठंय, तर माय सांगायची, "निवडून राह्यली." आत त्या काय करायच्या ते मला माहीत नाही. झोपत असतील, रडत असतील, नुसत्या पडून राहत असतील. माझ्या वह्यांतली एक कोरी वही मी त्यांच्या पेटीवर ठेवून आले. चार दिवस ती तिथंच होती. पाचव्या दिवशी नव्हती. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पौष संपता संपता एक दिवस माय म्हणाली, "भाकरी जाड झाली." वहिनी तवा पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचे दात मजबूत हायेत, माय." दादाच्या हातातला घास हातात राहिला. आणि मग माय हसायला लागली, अशी हसली की तिला ठसका लागला. वहिनींनी पाणी दिलं. तो दिवस मला आमच्या घरातला सण वाटतो.

वहिनी आता घर चालवतात. दादाला, गड्यांना, ग्रामसेवकाला, सगळ्यांना तोंडावर उत्तर देतात. यंदा दादाचा फोन झाल्यावर मी त्यांच्याशी बोलले. समृद्धीचं सांगितलं, बंद दाराचं सांगितलं. आणि जे कुणाला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की परवा ती अंघोळीला गेली असताना तिचा फोन उघडाच राहिला होता आणि मी तो हातात घेतला होता.

"वाचलं?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई. ठेवला."

"बरं केलं." मग म्हणाल्या, "ताई, पोरगी जेवती का बराबर? हसती का?"

"हो."

"मंग राहू द्या. काही बिनसलं तर जेवणावर दिसतं. तेवढं बघत राहा. पण बघून राह्यले असं दाखवू नका." आणि हसल्या. त्यांचं हसणं ऐकताना मला मायची फार आठवण आली. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

मी दहावीला होते त्या वर्षी माघात कापूस गेला. ट्रक दारात लागला, दोन दिवस गाठोडी निघत राहिली आणि खोली एकदम मोठी दिसायला लागली. वहिनींनी झाडून काढली, भिंतींवरचे तंतू कुंच्यानं ओढले, खिडकी उघडली. कित्येक दिवसांनी तिथं ऊन आलं.

पुढच्याच दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर खोलीचं दार बंद. आतून कडी. मला वाटलं, वहिनी. पण वहिनी मागच्या अंगणात शेवया वाळत घालत होत्या. मग माय? माय आत, दार लावून? आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मी घाबरले. दारावर थाप मारणार तेवढ्यात वहिनी धावत आल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"असू द्या, ताई."

"अहो, पण तिला काय झालं?"

"काई झालं न्हाई. असू द्या."

एवढ्यात अण्णा आले. त्यांना चहा हवा होता. "कुठं गेली ही?" त्यांनी विचारलं.

"निवडून राह्यल्या," वहिनी म्हणाल्या.

"काय निवडून राह्यली? कापूस तर काल गेला!"

"चहा मी ठेवते, मामंजी. बसा." अण्णांनी एकदा बंद दाराकडं बघितलं, एकदा सुनेकडं, आणि ते ओसरीवर जाऊन बसले. आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. कुणी आवाज चढवला नाही. टीव्हीही कुणी लावला नाही. वहिनींनी मायचा कप झाकून ठेवला.

बऱ्याच वेळानं कडी सरकली. माय बाहेर आली. केस नीट बांधलेले, डोक्यावर पदर, चेहरा नेहमीसारखा. तिनं झाकलेला कप बघितला, वहिनींकडं बघितलं आणि चुलीशी बसून गार चहा प्यायला लागली. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"माय, आत काय करत होतीस?"

"काई न्हाई," ती म्हणाली. "पाय लांब करून बसले होते."

मला कळायला लागल्यापासून मी तिला त्या घरात पाय लांब करून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही पाहिलं नाही.